कापूस, कागद आणि टाका : आमच्या नमुनाग्रंथाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी जुन्या सुती कपड्यांपासून हातकागद बनवून, त्यावर कापडाचे तुकडे शिवून एक मोठा ग्रंथ सिद्ध करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. सहभागी होऊ इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हा उपक्रम नेमका काय आहे?

सहभागी होणारी प्रत्येक व्यक्ती आपल्या घरातील वापरून विरलेल्या सुती कपड्याचा अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा आणते. त्यातील बहुतेक भाग लगद्यात जातो आणि त्याचा कागद होतो. तळहाताएवढा भाग बाजूला ठेवून तो त्याच कागदावर हाताने शिवला जातो. शेजारी त्या कपड्याची हकिकत लिहिली जाते. कपडा कोणी विणला, कोणी विकत घेतला, कोणी नेसला, तो कुठे फाटला आणि शेवटी त्याचे काय होणार होते, यांपैकी जे ठाऊक असेल ते. अशी सातशे पाने झाली की ती अठरा खंडांत बांधली जातील. सातशे आणि अठरा हे आकडे कुठून आले, ते पुढे सांगितले आहे.

शिवणकाम, कागद आणि वसाहतकाळाचा इतिहास यांचा एकमेकांशी काय संबंध?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो रास्तही आहे, कारण वरवर पाहता ही तीन वेगळी खाती वाटतात. वऱ्हाडात मात्र ती एकाच सूत्रात ओवलेली आहेत आणि ते सूत कापसाचे आहे.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. इथली काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आणि तिच्यातील पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, यांवर इंग्लंडातील गिरण्यांची नजर आधीपासून होतीच. त्या काळी ब्रिटनला लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जात असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि त्या वर्षी वीस लाखांहून अधिक गाठी पाठवणाऱ्या अमेरिकेतून १८६२ मध्ये जेमतेम ५५ हजार गाठी ब्रिटनला पोहोचल्या. ती तूट भरून काढण्याचा भार हिंदुस्थानावर पडला. १८६० ते १८६४ या काळात मुंबई इलाख्यातील कापसाखालचे क्षेत्र दुप्पट झाले. सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे देऊ लागले, मुंबईत शेअरबाजाराला उधाण आले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पत एकाएकी आटली. त्यानंतरही कापूस नेण्याची सोय मात्र वाढतच राहिली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि मूर्तिजापूर-यवतमाळची अरुंद मार्गावरची ‘शकुंतला’ आगगाडीसुद्धा मुळात कापूस वाहण्यासाठीच धावू लागली.

कापूस बाहेर गेला आणि गिरणीचे कापड आत आले, ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी कागदावर घडली. जमिनीची मोजणी, साऱ्याचे आकडे, कर्जखते, गाठींवरचे शिक्के आणि कापडाचे नमुने ही सारी सत्ता कागदाची होती आणि ज्यांच्याविषयी तो कागद होता त्यांना बहुधा तो वाचता येत नव्हता. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हाती मात्र सुई होती आणि जुने लुगडे होते. तिची नोंद टाक्यांत राहिली. या दोन प्रकारच्या नोंदी एकाच पानावर आणणे हा आमचा हेतू आहे.

१८६६ चे नमुनाग्रंथ म्हणजे काय?

जॉन फॉर्ब्स वॉटसन हा स्कॉटिश वैद्य काही काळ मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत होता. पुढे लंडनला हिंदुस्थानातील उत्पादनांची माहिती संकलित करण्याच्या सरकारी पदावर त्याची नेमणूक झाली. १८६६ मध्ये त्याने हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. त्यांत सातशे नमुने होते आणि अशा वीस प्रती काढण्यात आल्या. वीस प्रती म्हणजे छापील वीस प्रती नव्हेत. लंडनच्या भांडारात असलेली खरीखुरी पागोटी, धोतरे, लुगडी, मलमली यांचे कात्रीने तुकडे करून तेच तुकडे वीस संचांत बसवण्यात आले. तेरा संच ब्रिटनमध्ये राहिले आणि सात हिंदुस्थानात पाठवले गेले. हेतू उघड होता : हिंदुस्थानातील माणसे काय नेसतात, कोणते काठ त्यांना रुचतात, पोत कसा लागतो हे तिकडच्या कारखानदाराला घरबसल्या हाताने चाचपून पाहता यावे आणि तसे कापड त्याने यंत्रावर काढावे. वॉटसन या संचांना वीस औद्योगिक संग्रहालयेच म्हणत असे.

या खंडांकडे केवळ रागाने पाहता येत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. हातमागाच्या इतक्या विविध कापडांचे तुकडे इतक्या काळजीने जपलेले फारच थोड्या ठिकाणी मिळतील आणि आजचे विणकर व अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. पण त्या पानांवर कापडाची लांबी-रुंदी आहे, वजन आहे, ठिकाण आहे, किंमत आहे. विणणाऱ्याचे नाव नाही आणि नेसणारीचेही नाही. आमच्या ग्रंथात ही विभागणी उलटी आहे. किंमत आम्ही विचारत नाही.

मग सातशे पाने आणि अठरा खंड हा त्याच ग्रंथाचा हिशेब आहे का?

होय, मुद्दाम. फक्त प्रती वीस निघणार नाहीत, एकच निघेल. कारण नमुना वीस ठिकाणी वाटण्यासाठी कोणाच्या आजीचे लुगडे वीसदा कापण्याची आमची तयारी नाही.

कोणते कापड चालते?

पूर्ण सुती आणि पुष्कळ वेळा धुतलेले. नवे कोरे कापड आम्ही घेत नाही. त्याची खळ निघता निघत नाही आणि सांगण्यासारखी हकिकतही त्याला नसते. धोतर, सुती साडी, लुगडे, परकर, बंडी, उपरणे, उशीचा अभ्रा, पंचा, बाळाच्या लंगोट्या आणि दुपटीसुद्धा चालतात. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर चालत नाही, कारण कागद हा वनस्पतीच्या तंतूचा होतो. पाण्यात कुटल्यावर ते तंतू फुगतात, पिंजारतात आणि वाळताना एकमेकांना घट्ट धरतात. प्लॅस्टिकचा धागा असे काही करत नाही. तो लगद्यात केसासारखा तसाच राहतो.

दुकानदाराने सुती म्हणून दिलेली साडी प्रत्यक्षात मिश्र असते, हा अनुभव नेहमीचा आहे. म्हणून एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख बोटावर पुसली जाते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. हा प्रयोग मोठ्यांनीच आणि पाण्याची वाटी शेजारी ठेवूनच करावा.

कापडाचा कागद कसा होतो?

आधी हुक, गुंड्या, जरीचे काठ आणि शिवणीचे जाड भाग काढून टाकतात. मग कापडाचे नखाएवढे तुकडे करतात. या कामाला सर्वांत जास्त वेळ जातो आणि गप्पाही याच कामात सर्वांत जास्त होतात. कपड्यांच्या निम्म्याअधिक हकिकती कात्री चालू असतानाच निघतात, म्हणून लिहून घेणारी व्यक्ती तिथेच बसते. तुकडे रात्रभर भिजवून, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास उकळतात आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतात. त्यानंतर कुटाई. पूर्वीचे कागदी कारागीर पायाने चालणाऱ्या ढेंकीने कुटत. आज हातकागदाच्या कारखान्यांत फिरत्या पात्यांचे, पाण्याच्या हौदासारखे यंत्र असते आणि त्यात कित्येक तास लगदा फिरत राहतो. आमची कुटाई अशाच यंत्रावर होते.

तयार लगदा पाण्याच्या टाकीत विरळ करतात. जाळी ताणलेला लाकडी साचा आणि त्यावर बसणारी मोकळी चौकट दोन्ही हातांनी धरून टाकीत तिरकी बुडवायची, आडवी उचलायची आणि पाणी निथळत असताना एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे अलगद हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. चौकट काढून साचा ओल्या कापडावर उलटवला की पान सुटते. पानांची चळत दाबाखाली ठेवून पाणी काढतात आणि पाने सावलीत वाळवतात. उन्हात घाईने वाळवलेले पान पापडासारखे वाकते.

अंदाज यावा म्हणून थोडा हिशेब. प्रति चौरस मीटर १५० ग्रॅम जाडीचे ए-फोर आकाराचे एक पान वाळल्यावर साधारण साडेनऊ ग्रॅम भरते. अर्धा मीटर लांब-रुंद सुती साडीचा तुकडा वीस-बावीस ग्रॅमचा असतो. म्हणजे शिवायचा भाग आणि कुटाईतली घट वजा करूनही एका तुकड्यात एक पान आरामात बसते. सातशे पानांना मिळून सात किलोच्या आसपास तंतू पुरतो. त्यामुळे गाठोडी भरून कपडे आणू नयेत, ही कळकळीची विनंती.

घरच्या मिक्सरमध्ये हा लगदा होईल का?

रद्दी कागदाचा होईल, कापडाचा होणार नाही. धागे पात्याभोवती गुंडाळतात, मोटर तापते आणि वास येऊ लागतो. आमचा पहिला घाणा याच हट्टापायी फसला आणि मिक्सरही गेला.

शेतात पऱ्हाट्या पडून असतात. त्यांचा कागद करता येणार नाही का?

होतो, पण पऱ्हाटी लाकडासारखी असते आणि तिच्यातील तंतू मोकळे करायला तीव्र क्षार लागतो. गावकीच्या अंगणात ते रसायन आम्हांला नको आहे. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, मात्र आम्ही थोडा मिसळतो. त्याचे लांब तंतू पानाला बळ देतात आणि सुई सहन करायला ते बळ लागते.

कागदावर शिवले तर तो फाटत नाही का?

बाजारच्या साध्या कागदावर शिवले तर फाटतो. सुती चिंध्यांचा, वाख घातलेला हातकागद पुष्कळ सोसतो, पण काही पथ्ये पाळावी लागतात. सुईने थेट भोक पाडू नये. पान मऊ पुठ्ठ्यावर ठेवून टोच्याने आधी सर्व भोके पाडून घ्यावीत. दोन भोकांत निदान चार-पाच मिलिमीटर अंतर हवे, नाहीतर टपालाच्या तिकिटासारखी फाडरेघ तयार होते आणि पान तिथेच दुमडून तुटते. दोऱ्याला मधमाशीच्या मेणाचा हात फिरवावा. दोरा ओढताना पानाला समांतर ओढावा, वर ओढू नये. उलटा टाका घालू नये, कारण एकाच भोकातून दोनदा सुई गेली की ते मोठे होते. या सर्वांवरून लक्षात येईल की कागदाला सर्वांत मानवणारा टाका म्हणजे आपला साधा धावदोरा, जो गोधडीत असतो.

गोधडी, वाकळ, आमच्या वऱ्हाडी उच्चारात वाकय. काठाकडून सुरुवात करून कडेकडेने आत येत जाणारी तिची टाक्यांची रांग ज्यांनी अंगणात बसून घातली आहे, त्यांना आम्ही शिकवण्यासारखे काही नाही. गोधडी शिवणाऱ्या बायका कागदावरही पहिल्याच दिवशी सरळ रांग घालतात. शिलाई मशीनवर सफाईने काम करणाऱ्यांचा हात मात्र पहिल्या काही पानांवर घाई करतो.

मला शिवता येत नाही. मी काय करू?

कात्री धरता येते का? मग भरपूर काम आहे.

आमच्याकडे पणजीची गोधडी आहे. ती देऊ का?

नाही. गोधडी स्वतःच एक पूर्ण झालेली नोंद आहे आणि तिचा लगदा करणे म्हणजे वही फाडून रद्दी करण्यासारखे आहे. ती घेऊन या. आम्ही तिचा फोटो घेऊ, कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा हे तुम्हांला आठवत असेल तर लिहून घेऊ आणि ती तुमच्याबरोबर घरी परत जाईल. पार विरून गेलेल्या गोधडीच्या आतले, दिसत नसलेले थर कोणी देऊ केले तर ते स्वीकारतो, पण वरचा पदर कापत नाही.

गेलेल्या माणसाचा कपडा चालेल का?

चालतो आणि असे कपडे पुष्कळ येतात. या भागात शेतकऱ्यांच्या घरांत काय घडले आहे, ते येथे लिहिण्याची गरज नाही. कपडा आणणाऱ्या व्यक्तीने घरातील इतरांशी आधी बोलावे, एवढीच अट आहे. हकिकत सांगायची नसेल तर पानावर फक्त नाव येईल आणि नावही नको असेल तर नुसता तुकडा. लगद्यात घातलेले कापड परत काढता येत नाही, म्हणून असा कपडा आम्ही निदान आठवडाभर तसाच ठेवतो. मन बदलले तर तो परत नेता येतो.

हातकागदाची महाराष्ट्रात काही परंपरा होती का, की ही नवी हौस आहे?

परंपरा मोठी होती. दौलताबादी आणि जुन्नरी कागद दफ्तरखान्यांत वापरला जाई आणि खानदेशात एरंडोलचेही नाव होते. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचे कागजीपुरा हे गाव त्या व्यवसायाच्याच नावाने ओळखले जाते. हे कारागीर बहुतांशी मुस्लिम, आडनावाने आणि ओळखीने कागदी. सणाचे जुने दोर आणि गोणपाट चुन्यात मुरवून, ढेंकीने कुटून, गवताच्या काड्यांच्या छपरीवर ते पान उचलत, भिंतीला चिकटवून वाळवत, खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. बोरू अडखळू नये म्हणून ते घोटणे.

एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर दोन बाजूंनी घाव बसला. विलायतेचा आणि पुढे इथल्या गिरण्यांचा यंत्रकागद स्वस्त पडू लागला, आणि सरकारने अनेक तुरुंगांतून कैद्यांकडून कागद बनवून घेतला, ज्याच्या मजुरीशी स्पर्धा करणे कोणत्याही कारागिराला शक्य नव्हते. विणकराच्या वाताहतीविषयी आपण शाळेत शिकतो, कागद्याच्या वाताहतीविषयी क्वचितच. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर हातकागदाला पुन्हा उत्तेजन मिळाले आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागदाचे केंद्र सुरू झाले. आज अशा कारखान्यांत प्रामुख्याने बनियनच्या कारखान्यांतील सुती कात्रणांचा लगदा वापरतात.

एका खंडाची पाने मुद्दाम जळकी ठेवणार आहात असे ऐकले. ते कशासाठी?

पाने जळकी नाहीत, कडा करपवलेल्या आहेत. हा खंड कर्जखतांविषयी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि हिशेबाच्या वह्या व खते हिसकावून जाळली. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत पसरला. कापसाची तेजी ओसरल्यावर आटलेली पत हे त्यामागचे एक कारण, वाढवलेला शेतसारा हे दुसरे; त्यांपैकी कोणते अधिक जड होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण जाळण्यासाठी लोकांनी कागदच का निवडला, हे समजून घेण्यासारखे आहे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. ऋणकोला संरक्षण मिळावे हा त्याचा उद्देश, परंतु सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत करून घेऊ लागले. अंगठा उठवणाऱ्याला फक्त अंगठा ठाऊक. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. सुपे वऱ्हाडात नाही, हे आम्हांला माहीत आहे. तरी अशी खते वऱ्हाडातही होती, म्हणून हा एक खंड त्यांच्यासाठी ठेवला आहे.

हा उपक्रम केवळ इंग्रजांना दोष देण्यासाठी आहे का?

तसे असते तर काम फार सोपे झाले असते. तेजीत मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अमाप कमावले आणि त्या पैशाचा एक भाग गिरण्यांत गेला. १८९६ मध्ये इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली गेली ती मँचेस्टरच्या हितासाठी, यात शंका नाही. पण हातमागाचे नुकसान मुंबईच्या गिरण्यांनीही केले. १८७७च्या दिल्ली दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातच्या सुताचे कपडे घालून गेले होते आणि १९३० मध्ये बाबू गेनू परदेशी मालाच्या ट्रकपुढे मुंबईत मरण पावला. बाबू गेनू गिरणी कामगार होता, ही गोष्ट आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.

मुलांना आणता येईल का?

पान उचलण्याच्या कामाला जरूर आणावे. सोडा उकळण्याच्या ठिकाणी त्यांना येऊ देत नाही. खळीत मोरचूद घालण्याची बाइंडरांची जुनी रीत किडीसाठी उपयोगी असली, तरी ते विषारी असल्यामुळे आम्ही ती टाळली आहे.

मी मुंबईत किंवा परदेशात राहतो. टपालाने तुकडा पाठवला तर चालेल का?

चालेल. गिरणगावातून आलेल्या तुकड्यांची तर आम्ही वाटच पाहत आहोत, कारण वऱ्हाडची रुई जिथे सूत झाली त्या घरांचे कपडे या ग्रंथात नसतील तर तो अर्धाच राहील. कपडा धुऊन, वाळवून, सोबत हकिकत मराठीत स्वहस्ताक्षरात लिहून पाठवावी. अक्षर वाईट असले तरी तेच हवे.

पाने विकणार का? ग्रंथ कोणाच्या मालकीचा?

विक्री नाही. ग्रंथ सर्व सहभागींचा सामाईक आहे आणि तो गावातच राहील. तो पाहायला येणाऱ्याने हात धुऊन, कोरडे करून पाने स्वतः उलटावीत, कारण काचेमागे ठेवलेल्या कापडाचा पोत कळत नाही.

ग्रंथ किती काळ टिकेल?

सुती चिंध्यांचा, नीट धुतलेला कागद शेकडो वर्षे टिकतो. जुनी दफ्तरे त्याची साक्ष आहेत. खरी भीती ओल, कसर आणि बांधणीची आहे. शिवलेल्या तुकड्यांमुळे पान मधोमध जाड आणि कण्याकडे पातळ होते, त्यामुळे साधी बांधणी केली तर खंड तोंडाकडे फुगतो आणि शिवण उसवते. म्हणून प्रत्येक पान कापडाच्या पट्टीला जोडून, कण्याशी तेवढ्याच जाडीच्या कोऱ्या पट्ट्या घालून मग जुजबंदी, म्हणजे जुळे शिवून बांधणी, करायची असे ठरले आहे. खंडाला सुमारे चाळीस पाने, म्हणजे चाळीस पट्ट्या. त्या पट्ट्यांसाठी जुन्या धोतराचे काठ लागतात आणि सध्या आमच्याकडे तेवढेच कमी पडत आहेत.